गॅसची नेल गन पावसाळ्यात बार चुकवते: दोष शोधायचा माझा क्रम

पहिले पंधरा-वीस खिळे खटाखट बसतात. मग एखादा बार निघतच नाही. पुढचे दोन निघतात, तिसरा पुन्हा अडतो, आणि अर्ध्या तासात गन पूर्ण गप्प होते. रात्री पेटीत ठेवून सकाळी काढली की काहीही न करता पुन्हा सुरू. सलग तीन पावसाळे माझ्या १८ गेजच्या (म्हणजे बारीक खिळ्यांच्या) गॅस नेल गनचं हेच चाललं होतं. तिन्ही वेळा मी गॅसचा नवा कॅन आणून बसवला, आणि तिन्ही वेळा दोष गॅसचा नव्हता. ज्यांच्या गनचं हेच दुखणं आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी माझं काम काय ते सांगतो, कारण दोष त्यावरही अवलंबून असतो. मुलुंडला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीचं मखर मी ६ मिलिमीटर प्लाय आणि पाइनच्या पट्ट्यांचं करतो. वर्षभरात मग चपलांचं कपाट, पडद्याची पेलमेट, दाराची बीडिंग असली कामं. कॉम्प्रेसर ठेवायला जागा नाही आणि त्याचा आवाज शेजाऱ्यांना ऐकवायची इच्छा नाही, म्हणून गॅसची गन घेतली. तिचा सगळ्यात जास्त वापर श्रावणात, म्हणजे हवा सगळ्यात ओली असते तेव्हा, आणि चतुर्थीची तारीख काही पुढे ढकलता येत नाही.

गन चालते कशी हे डोक्यात पक्कं असलं तर निम्मं निदान घरबसल्या होतं. खिळे हवेच्या दाबाने नाही, स्फोटाने बसतात. गनचं नाक लाकडावर दाबलं की आतला चेंबर बंद होतो, कॅनमधून मोजून एक घोट गॅस आत येतो, आणि चेंबरमधला छोटा पंखा फिरून गॅस हवेत मिसळतो. ट्रिगर दाबला की ठिणगी पडते, गॅस पेटतो, पिस्टन खाली झेपावतो आणि त्याला जोडलेली पाती खिळा ठोकते. पिस्टन परत वर कसा येतो, हे मला खूप उशिरा कळलं. तिथे स्प्रिंग नसते. जळालेला वायू थंड होऊन आकसतो, आत निर्वात तयार होतो आणि तो पिस्टनला वर ओढून घेतो. बार झाल्यावरही पंखा काही सेकंद फिरत राहतो तो चेंबरमधला धूर बाहेर काढून आत ताजी हवा भरायला आणि गन थंड करायला. १९८६ मध्ये पॅसलोड या कंपनीने या पद्धतीची पहिली बिनवायरची गन बाजारात आणली. आजच्या गॅस गनचं मूळ तत्त्व अजून तेच आहे.

म्हणजे एका बारासाठी पंखा, ठिणगी, गॅस आणि पिस्टन या चौघांनी आपापलं काम करावं लागतं. यातलं कोण चुकलं हे कानाने कळतं. पण काहीही तपासायच्या आधी खिळ्यांची पट्टी बाहेर काढा. नंतर गन उघडायची वेळ आली तर गॅसचा कॅन आणि बॅटरीही बाहेर. कॅन काढल्यावरही चेंबरमध्ये एका बारापुरता गॅस उरलेला असू शकतो, त्यामुळे नाक कायम जमिनीकडे, खाली टाकाऊ लाकूड, आणि डोळ्यांवर चष्मा.

नाक टाकाऊ लाकडावर पूर्ण दाबा आणि ऐका. पंख्याची घरघर यायला हवी. येत नसेल तर गॅस, ठिणगी, पिस्टन कशाकडेही वळायचं कारण नाही, कारण चूक त्याच्या आधीच आहे. बहुतेक वेळा बॅटरी. जुन्या गनमध्ये ६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती न वापरता पडून राहिली तरी उतरते, आणि जुनी झालेली बॅटरी हिरवा दिवा दाखवूनही पंख्याचा भार आला की कोलमडते. नव्या गनमध्ये लिथियम असते, तिचा त्रास कमी. मुंबईत मात्र बॅटरी चांगली असूनही संपर्क तुटतो. खाऱ्या, दमट हवेने बॅटरीच्या आणि गनच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. साध्या खोडरबरने घासून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून तो निघतो. पंखा न फिरण्याचं दुसरं कारण म्हणजे नाक पूर्ण आत न जाणं. कित्येक गनमध्ये मॅगझिनमध्ये, म्हणजे खिळ्यांची पट्टी बसते त्या खाचेत, थोडेच खिळे उरले की नाक मुद्दाम अडवलं जातं, म्हणजे रिकामा बार होऊन लाकडावर खड्डा पडू नये. मी एकदा वीस मिनिटं बॅटरीशी झगडत बसलो होतो आणि पट्टीत चार खिळे उरले होते. तेव्हा पंखा बंद दिसला की आधी पट्टी बघायची.

पंखा फिरतोय, ट्रिगर दाबल्यावर बार नाही, पण बारीक टिक ऐकू येते, तर ठिणगी पडते आहे. टिकही नसेल तर ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर काजळी किंवा ओल आहे, नाहीतर ट्रिगरचा संपर्क गेला आहे. पावसाळ्यात सकाळी पहिल्या पाच-सहा बारांना अडणारी आणि नंतर सुधारणारी गन बहुधा ओलीची असते. पेटीतला फोम पाणी शोषून ठेवतो आणि आमच्यासारख्यांच्या घरात पेटी माळ्यावर असते, तिथे हवाच खेळत नाही. मी आता पेटीत सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवतो, आणि कामाच्या आदल्या रात्री गन पेटीबाहेर, पंख्याच्या वाऱ्यावर. गन कोरडी करायला हेअर ड्रायर वापरायचा मोह होतो. कॅन आत असताना तर नाहीच, आणि काढला असला तरी गरम झोत थेट रबरी भागांवर मारू नये.

पंखा आहे, टिक आहे, तरी बार नाही. इथे सगळे म्हणतात, गॅस संपला. मीही तेच म्हणालो, तीनदा.

गॅस संपला का हे ओळखायची सोपी पद्धत म्हणजे नवा कॅन आणल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा आणि मार्करने त्यावरच वजन लिहायचं. नंतर पुन्हा वजन केलं की किती गेला ते कळतं. हलवून अंदाज येत नाही, कारण कॅनच्या आत गॅसची वेगळी पिशवी असते आणि तिला बाहेरून दाबणारा वायू वेगळा. गॅस पूर्ण संपला तरी तो दाबणारा वायू आत असतोच. म्हणून रिकामा दिसणारा कॅन भोसकायचा नाही, चुलीजवळ टाकायचा नाही. कॅनवर वापराची मुदत छापलेली असते ती घेतानाच बघा. नागदेवी स्ट्रीटला किंवा लोहार चाळीच्या आसपास घेताना मागे पडलेला जुना माल हातात येऊ शकतो, आणि मुदत उलटलेल्या कॅनचा दाब कमी झालेला असतो. नव्या कॅनसोबत वेगळा व्हॉल्व्ह येत असेल तर तोच बसवा, जुन्या कॅनचा काढून वापरू नका. तो नीट बसत नाही आणि गॅस बारीक गळत राहतो. लायटरचा गॅस किंवा कॅम्पिंगच्या स्टोव्हचा कॅन जुळवून बसवायचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. गनचा घोट विशिष्ट मिश्रणासाठी आणि विशिष्ट दाबासाठी मोजलेला असतो.

माझ्या पहिल्या वर्षीच्या दोषाचं खरं कारण याच्या अगदी उलट निघालं. गॅस कमी नव्हता, जास्त होता. बीडिंगची पट्टी कोपऱ्यात जुळवताना मी नाक टेकवायचो, पट्टी सरकली म्हणून उचलायचो, पुन्हा टेकवायचो, पुन्हा उचलायचो. ट्रिगर मात्र दाबलेला नसायचा. प्रत्येक दाबाला एक घोट गॅस आत. असे चार-पाच दाब लागोपाठ झाले की चेंबरमध्ये गॅस इतका होतो की हवा पुरत नाही, आणि ठिणगी पडूनही तो पेटत नाही. जुन्या स्कूटरला चोक ओढून किका मारत बसलं की इंजिन जसं ओव्हरफ्लो होतं, तसंच हे. उपाय एकच: कॅन काढायचा, मिनिटभर थांबायचं, मग कॅनशिवाय नाक टाकाऊ लाकडावर तीन-चार वेळा दाबून पंखा फिरवायचा, म्हणजे आतला गॅस बाहेर जातो. आता मी पट्टी आधी हाताने किंवा मास्किंग टेपने जागेवर बसवतो, आणि गन टेकवली की बार काढूनच उचलतो. या एका सवयीने माझे निम्मे चुकलेले बार बंद झाले. हेच आतल्या हवेच्या फिल्टरमुळेही होतं. फिल्टर भुशाने बुजला की हवा कमी येते आणि मिश्रण आपोआप गॅसच्या बाजूला झुकतं. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) कापल्यावर उडणारी पिठासारखी धूळ यात सगळ्यात वाईट. मी कापायचं काम गॅलरीत करतो आणि गन तोवर खोलीत, दार बंद.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीचं दुखणं, वीस खिळ्यांनंतर अडणारं आणि रात्रभर विश्रांती घेतल्यावर सुधारणारं, ते पिस्टनचं होतं.

खूण अशी: बार होतो, आवाजही येतो, पण लाकडात खिळा नाही, किंवा अर्धाच गेलेला. पुढचा दाब रिकामा. म्हणजे पिस्टन खाली गेला आणि वर परतलाच नाही. पिस्टन वर येतो तो आतला वायू थंड झाल्यामुळे. गन तापलेली असेल आणि तुम्ही घाईने खिळ्यामागे खिळा मारत असाल तर थंड व्हायला वेळच मिळत नाही. मुंबईच्या मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हे आणखी लवकर होतं. त्यात सिलिंडर चिकट झालेला असेल तर ते निर्वात पिस्टनला ओढायला पुरत नाही. माझा सिलिंडर चिकट मीच केला होता. गन अडली की तेल घालायचं, हा आपल्याकडचा सरसकट उपाय. मी दर आठवड्याला गंज सोडवायचा स्प्रे आत मारायचो. स्प्रेतलं हलकं द्रव्य उडून जातं, मागे चिकट थर राहतो, त्यावर भुसा आणि काजळी बसते आणि काळी लुकणासारखी पेस्ट तयार होते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे एक मेस्त्रीकाका चाळीस वर्षं सुतारकाम करतात. त्यांनी गन हातात घेतली, नाकाजवळ नेली, वास घेतला आणि म्हणाले, "बाळा, हिला तेल पाजून पाजून मारलीस. आधी पुसून काढ." तोवर मी ती कधी पूर्ण उघडली नव्हती.

उघडली तर प्लगच्या टोकावर काजळीची टोपी आणि सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं तर काळं लोणी. सफाई मी अशी करतो. खिळे, कॅन, बॅटरी बाहेर. वरचं झाकण आणि फिल्टर काढायचा, फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत ठेवायचा. श्रावणात तो वाळायला पूर्ण दिवस लागतो, त्यामुळे घाईच्या दिवशी हे काम काढू नका. मग ॲलन कीने वरचे स्क्रू सोडवून पंख्यासकट डोकं बाहेर काढायचं. प्रत्येक टप्प्याचा फोटो मोबाइलवर घ्या, वायर कुठून गेली होती हे नंतर आठवत नाही. कंपनीने दिलेला क्लीनर असेल तर उत्तम, नसेल तर रबराला इजा न करणारा, मागे थर न सोडणारा डीग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रव. थिनर, पेट्रोल, रॉकेल यांना हात लावू नका, त्यांनी ओ-रिंगा (आतल्या गोल रबरी रिंगा) फुगतात आणि मग सफाईपेक्षा मोठा खर्च येतो. पंख्याच्या मोटरवर फवारा मारायचा नाही, पाती फक्त कापडाने पुसायच्या. प्लगचं टोक जुन्या टूथब्रशने. सिलिंडरच्या भिंती पांढऱ्या सुती कापडाने, कापड स्वच्छ निघेपर्यंत. मला पहिल्या वेळी अकरा तुकडे लागले.

इथे पिस्टन तपासा. लांब स्क्रू-ड्रायव्हरने तो हळूच खाली ढकला. तो थोड्या प्रतिकाराने सरकला पाहिजे आणि जिथे सोडाल तिथे थांबला पाहिजे. अडकत असेल तर अजून घाण आहे. स्वतःच्या वजनाने घसरून खाली पडत असेल तर रिंगा झिजल्या आहेत, आणि तेव्हा कितीही सफाई केली तरी बार फुसकाच निघणार. ओ-रिंगांवर चिरा किंवा सपाट झालेले भाग दिसले तर त्या बदला. मग गनच्या कंपनीने सांगितलेल्या तेलाचे दोन थेंब, फक्त सांगितलेल्या जागी. बाटली उलटी करायची नाही. सगळं जोडायच्या आधी क्लीनरचा वास पूर्ण जाऊ द्या. तो स्वतः ज्वलनशील असतो आणि बंद चेंबरमध्ये त्याच्यावर ठिणगी पडायला नको.

मुंबईत मान्सून दाखल व्हायची हवामान खात्याची नेहमीची तारीख ११ जून. मी ही सफाई आता मे महिन्यातच उरकतो आणि मखराचं काम संपल्यावर एकदा वरवर करतो.

काही वेळा गन निर्दोष असते आणि लाकूड ऐकत नाही. आईच्या गिरगावातल्या चाळीत दाराच्या चौकटी बर्मा सागवानाच्या आहेत. त्यात १८ गेजचा खिळा वाकून बाहेर आला तेव्हा मी पुन्हा गन उघडायला निघालो होतो. पाइनच्या तुकड्यावर एक बार मारून बघा, तिथे खिळा डोक्यापर्यंत गेला तर गनला दोष देऊ नका. सागवानाला आधी बारीक भोक पाडून हातोडीने खिळा मारणं जास्त सरळ काम आहे. खिळ्यांचंही तसंच. पट्टीतले खिळे ज्या सरसाने चिकटवलेले असतात तो दमट हवेत सुटतो, पट्टी मधे तुटते आणि खिळे आडवे होऊन अडकतात. उघडलेला डबा झिपच्या पिशवीत ठेवा आणि गंज चढलेली पट्टी सरळ टाकून द्या.

घरात काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, ज्या मला महत्त्वाच्या वाटतात. मखर आपण बहुतेक देवघराशेजारी बांधतो. समई किंवा उदबत्ती पेटलेली असताना तिथे गॅसची गन चालवू नका. नाक दाबून सोडल्यावर थोडा गॅस बाहेर येतोच. शिवाय प्रत्येक बाराचा धूर खोलीतच राहतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यामुळे पावसाचे सपकारे आत येत असले तरी एक खिडकी उघडी हवी. आणि पट्टी धरलेला हात खिळ्याच्या लांबीपेक्षा लांब ठेवा. प्लायच्या कडेला खिळा आतल्या थरावर आपटून वळतो आणि बाजूने बाहेर येतो.

कॅन घरी नेताना लोकलने नेऊ नका. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे धोकादायक माल गाडीत नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी संध्याकाळच्या गर्दीच्या डब्यात ज्वलनशील वायूचा कॅन असणं योग्य नाही. रस्त्याने न्या, पण उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. कॅन ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नसतो, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या आत तेवढं तापमान सहज होतं.

पंख्याचाच आवाज बदलला, घरघरीऐवजी खरखर येऊ लागली, किंवा चेंबरच्या बाहीला तडा दिसला तर मात्र घरी खटपट करू नका, गन दुरुस्तीला द्या. देताना काय ऐकू येतं आणि काय येत नाही ते कागदावर लिहून द्या. मी मागे एका दुरुस्तीच्या दुकानात नुसतं "चालत नाही" एवढंच सांगितलं होतं, आणि तिथल्या माणसाने पुन्हा नवा कॅनच लावून गन परत दिली होती.

या वर्षीच्या मखराला चारशेच्या वर खिळे लागले. दोन बार चुकले. दोन्ही वेळा पट्टी उघडून बघितली, खिळे संपत आले होते.